सात कृती, एक बेरीज : हेप्टॅथलॉनच्या मराठी कथनाविषयी

२९ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत स्त्रियांची ८०० मीटरांची एक धाव झाली. तीत जलपायगुडीची स्वप्ना बर्मन चौथी आली, आणि त्याच धावेच्या अखेरीस ती सुवर्णपदकाची मानकरी ठरली. ही दोन विधाने परस्परविरुद्ध नाहीत; हेप्टॅथलॉन ह्या स्पर्धेचा तो साधा नियमच आहे. परंतु ही दोन्ही विधाने एका ओघात सांगून वाचकास न अडखळू देता पुढे नेणारे मराठी गद्य त्या वेळी क्वचितच वाचावयास मिळाले. वाचावयास मिळाली ती तिच्या दोन्ही पायांना असलेली सहा सहा बोटे, दुखऱ्या दाढेमुळे गालावर लावलेली पट्टी, रिक्षा ओढणारे वडील आणि चहाच्या मळ्यात राबलेली आई. ह्यांपैकी एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि ती सांगणाऱ्यांचा जिव्हाळाही खोटा नव्हता. प्रश्न एवढाच, की सात प्रकारांची स्पर्धा जिंकणाऱ्या स्त्रीविषयीचा मजकूर त्या सातांपैकी एकाचेही वर्णन न करता पुरा कसा होतो?

ह्या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे, की वार्ताहरांस घाई असते आणि वाचकांस करुणरस आवडतो. हे उत्तर अगदीच चूक आहे असे नव्हे. पण ते अपुरे आहे. घाई क्रिकेटच्या वार्ताहरासही असते. तरी पाच दिवसांचा सामना तो यथासांग सांगतो. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे, आणि ते ज्या साधनाने कथन करावयाचे त्या भाषेच्या सवयींतच बव्हंशी सापडते.

मराठी क्रीडागद्याचे दोन कुलपुरुष मानावयाचे तर ते कुस्ती आणि क्रिकेट होत. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे खंड चाळले, तर मल्लविद्येची परिभाषा किती सूक्ष्म आहे ह्याची कल्पना येते. धोबीपछाड, ढाक, कलाजंग ह्यांसारखा प्रत्येक डाव स्वतःचे नाव घेऊन उभा आहे, आणि कुस्तीचे कथन म्हणजे ह्या नावांची मालिका व तिच्या शेवटी एक पाठ जमिनीला लागणे. क्रिकेटचे तसे नाही. तेथे बेरीज आहे. म्हणून कोणी असा आक्षेप घेईल, की ज्या भाषेस धावसंख्येची बेरीज सांगता येते तिला हेप्टॅथलॉनचीही आली पाहिजे. परंतु क्रिकेटची बेरीज सजातीयांची आहे. प्रत्येक धाव दुसऱ्या धावेसारखीच. 'धाव' हे कृतीचेही नाव आहे आणि परिमाणाचेही. हेप्टॅथलॉनमध्ये ज्यांची बेरीज होते त्यांत एक सेकंदांत मोजली जाणारी आहे, दुसरी सेंटिमीटरांत, तिसरी मीटरांत. विजातीयांची ही बेरीज मराठी गद्यास सवयीची नाही.

प्रथम नावाचाच विचार करू. 'हेप्टॅथलॉन' ह्यातील पूर्वपद ग्रीक 'हेप्टा' म्हणजे सात. शब्दारंभीच्या मूळ सकाराचा ग्रीकमध्ये हकार होतो. त्यामुळे 'हेप्टा' आणि संस्कृत 'सप्त' ही एकाच मूळ शब्दाची दोन रूपे आहेत, आणि मराठी 'सात' ही त्यांतल्या दुसऱ्याची लेक. उत्तरपद 'आथ्लॉन' म्हणजे स्पर्धेतील बक्षीस. तेव्हा परका म्हणून ज्याकडे पाहिले जाते त्या शब्दाचा अर्धा भाग तरी घरचाच आहे. त्याच्या लिंगाविषयी मराठीत अद्याप एकमत नाही. 'स्पर्धा' मनात धरून काही जण तो स्त्रीलिंगी वापरतात, 'मॅरेथॉन'नेही हाच मार्ग धरला. तर काही जण परक्या वस्तुनामांच्या सरावाने नपुंसकलिंगी वापरतात. बोलणाऱ्यांनी स्त्रीलिंग पक्के केले, तर त्यात वावगे काही नाही.

'सप्तक्रीडा' असा शब्द सहज घडविता येईल. पण तो स्वीकारण्यापूर्वी थोडे थांबावे. 'सप्त' हे पूर्वपद मराठी वाचकाच्या कानात सप्तर्षी, सप्तपदी, सप्तसूर अशा समूहांची आठवण जागी करते. ह्या समूहांतील घटक एका जातीचे आहेत. सातही ऋषी ऋषीच, सातही पावले पावलेच. हेप्टॅथलॉनचे वैशिष्ट्य नेमके उलट आहे, आणि संस्कृत समासाच्या गोडव्याने ते झाकले जाण्याचा संभव आहे. शिवाय 'क्रीडा' म्हटले की श्रम मागे पडतो. दोन दिवस, पहिल्या दिवशी चार आणि दुसऱ्या दिवशी तीन प्रकार, मध्ये एक रात्र, हे 'क्रीडा'च्या अर्थक्षेत्रात नीट बसत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा क्रीडाप्रकार मुळात पाचांचा होता. १९६४ साली टोकियो येथे ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची पेंटॅथलॉन प्रथम आली आणि सोव्हिएत संघाच्या इरिना प्रेसने ती जिंकली. सातांची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली, लॉस एंजेलिस येथे. त्याच ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. तो शतांश भारतीय भाषांच्या स्मृतीत कायमचा बसला. मराठीतही 'उषाचा शतांश' म्हटले की अधिक स्पष्टीकरण लागत नाही. त्याच मैदानावर हेप्टॅथलॉनमध्ये ऑस्ट्रेलियाची ग्लिनिस नन ६३९० गुणांनी पहिली आणि अमेरिकेची जॅकी जॉयनर ६३८५ गुणांनी दुसरी आली, म्हणजे दोन दिवसांच्या सात प्रकारांनंतर पाच गुणांचे अंतर. त्या अंतराची आठवण मात्र आपल्याकडे कोणी ठेवली नाही. शतांश सेकंद डोळ्यांपुढे उभा करता येतो. पाच गुण डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत.

आता सात घटकांच्या नावांकडे वळू. येथे मात्र मराठीचे दारिद्र्य नाही. गोळाफेक, भालाफेक, उंच उडी, लांब उडी, अडथळ्यांची शर्यत हे शब्द शाळेच्या मैदानावर रुळलेले आहेत आणि इंग्रजी शब्दांपेक्षा कित्येकदा अधिक पारदर्शक आहेत. 'गोळाफेक' व 'भालाफेक' ह्यांत फेकण्याच्या क्रियेचे नाव आणि फेकावयाची वस्तू एका समासात आली आहेत. 'उंच उडी' व 'लांब उडी' ह्यांत विशेषण सुटे राहिले आहे. 'शर्यत' अरबी 'शर्त' ह्या शब्दावरून आला; शर्त म्हणजे अट, आणि अटीवरून पैज. ज्या शर्यतीत प्रत्यक्षात कोणाच्या पुढे जाण्यापेक्षा अमुक वेळेच्या आत पोहोचण्याची अट महत्त्वाची असते, त्या हेप्टॅथलॉनच्या शर्यतीस हा मूळ अर्थ विलक्षण लागू पडतो, असे सहज मनात येते.

शब्द आहेत, तर मग अडते कोठे? ते वाक्यात अडते. क्रीडावृत्त भूतकाळात लिहिले जाते, आणि मराठीच्या भूतकाळात अकर्मक व सकर्मक क्रियापदांची वाट वेगळी होते. 'ती धावली' हा कर्तरी प्रयोग; क्रियापद धावणारीचे लिंगवचन घेते. 'तिने भाला फेकला', 'तिने गोळा फेकला' हे कर्मणी प्रयोग. तेथे क्रियापद भाल्याशी आणि गोळ्याशी जुळते. 'तिने उडी घेतली' येथेही क्रियापद जुळते ते उडीशी. उडी स्त्रीलिंगी असल्याने हा फरक कानास जाणवत नाही, इतकेच. म्हणजे सातांपैकी धावण्याच्या तीन प्रकारांत वाक्याची सूत्रे स्त्रीकडे आहेत, आणि उरलेल्या चारांत ती वस्तूकडे किंवा कृतीकडे गेली आहेत. शेवटी 'तिने गुण मिळविले' ह्या वाक्यात तर क्रियापदाची जुळणी गुणांशी आहे.

ह्या व्याकरणिक वस्तुस्थितीवरून मानसशास्त्राचे मनोरे उभारण्याचा मोह टाळला पाहिजे. 'तिने भाला फेकला' म्हणणारा मराठी भाषक फेकणारीस विसरतो असे कोणीही म्हणणार नाही. हिंदीतही हाच भेद आहे. बंगालीत तो नाही, म्हणून बंगाली वार्ताहर भालाफेकीचे वर्णन अधिक चांगले करतो असे सिद्ध होत नाही. तथापि शैलीच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम निश्चित होतो. मराठी गद्यात सलग कृतींची साखळी बांधावयाची तर लेखक कर्ता एकदाच सांगून पुढची क्रियापदे त्यावर टांगतो : ती उठली, निघाली, पोहोचली. हेप्टॅथलॉनच्या सात कृतींत ही साखळी दर दुसऱ्या-तिसऱ्या कडीला तुटते; 'ती' सोडून 'तिने' घ्यावे लागते, पुन्हा 'ती'कडे यावे लागते. कसलेला लेखक 'भाला फेकून', 'उडी घेऊन' अशा धातुसाधितांनी हा खड्डा बुजवितो. न कसलेला लेखक साखळीच सोडून देतो आणि दाढेच्या पट्टीकडे वळतो, कारण तेथे वाक्ये सरळ चालतात.

ह्याहून मोठी अडचण 'गुण' ह्या शब्दाची आहे. इंग्रजीत ज्यास पॉइंट म्हणतात त्याचा मूळ अर्थ टोचणी, टिंब; त्यास मूल्याचा वास नाही. मराठीत मात्र परीक्षेतील गुण, माणसातील गुण, औषधाचा आलेला गुण, आणि गुणाकारातला गुण हे सर्व एकाच शब्दात नांदतात. त्यामुळे '६०२६ गुण' असे वाचताना मराठी वाचकाच्या मनात नकळत असा समज होतो, की स्त्रीच्या अंगी असलेले काहीतरी मोजून मांडले आहे. वस्तुतः हे गुण अंगचे नाहीत. ते कोष्टकातले आहेत.

कोष्टक कसे चालते हे पाहणे येथे आवश्यक आहे, कारण क्रीडालेखनात त्याचा उल्लेख जवळजवळ होतच नाही. ऑस्ट्रियाचे गणिती कार्ल उल्ब्रिख ह्यांच्या सूत्रांवर आधारलेली जी कोष्टके १९८५ पासून वापरात आहेत, त्यांत प्रत्येक प्रकारासाठी तीन संख्या ठरलेल्या आहेत. धावेच्या बाबतीत लागलेली वेळ एका मर्यादेतून वजा करावयाची. उडी व फेक ह्यांच्या बाबतीत मिळालेल्या अंतरातून एक किमान अंतर वजा करावयाचे. उरलेल्या संख्येचा ठराविक घात काढून त्यास एका स्थिरांकाने गुणावयाचे, आणि अपूर्णांक सोडून द्यावयाचा. उंच उडीतील किमान अंतर ७५ सेंटिमीटर आहे, गोळ्याचे दीड मीटर, भाल्याचे ३.८० मीटर, ८०० मीटरांच्या धावेची मर्यादा २५४ सेकंद. जी स्त्री ह्या मर्यादेपाशी थांबते तिला शून्य. घातांकही सारखे नाहीत. गोळ्यासाठी १.०५ आणि भाल्यासाठी १.०४, म्हणजे एकाच्या अगदी जवळ. उलट धावांचे घातांक १.८१ ते १.८८ आहेत. ह्याचा अर्थ असा, की भाला जितका लांब जाईल तितके गुण जवळजवळ सरळ प्रमाणात वाढतात, परंतु वेगाने धावणारी आणखी वेगाने धावली तर तिचा प्रत्येक पुढचा दशांश आधीच्या दशांशापेक्षा महाग असतो. फेकणाऱ्या स्त्रीला कोष्टकाने दिलेला हा न्याय आहे की अन्याय, ह्यावर जाणकारांत वाद आहेत आणि ते निर्हेतुक नाहीत.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ह्यात ओळखीचे काही आढळेल. कोष्टक हा एक शब्दकोश आहे. 'भाल्याचे ५० मीटर' ह्या पदास तो 'उंच उडीचे अमुक सेंटिमीटर' असा पर्याय देतो, आणि द्विभाषिक कोशातील प्रत्येक पर्यायाप्रमाणे तो पर्याय कोणीतरी निवडलेला असतो; निसर्गाने दिलेला नसतो. कोशाची नवी आवृत्ती निघाली की जुन्या भाषांतरांचा अर्थ बदलतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेविषयी हे अक्षरशः खरे ठरले. तेथे कांस्यपदक मिळालेल्या पश्चिम जर्मनीच्या साबिने एव्हर्ट्सचे सातही प्रकारांतले आकडे पुढल्या वर्षीच्या कोष्टकाने तपासले तर बेरीज ६३८८ भरते, आणि सुवर्णविजेत्या ननची ६३८७. धावल्या त्याच, उड्या घेतल्या त्याच, भाले पडले तेथेच पडले. कोश बदलला आणि तिसरी पहिली झाली. म्हणजे एक गुण हे त्या दोघींमधले अंतर नव्हे. ते कोशाच्या दोन आवृत्त्यांमधले अंतर आहे. मराठीत 'गुण' म्हणताना हा भेद राखणे कठीण जाते.

एका गुणाची किंमत वाचकास दाखविता येत नाही अशीही समजूत आहे. ती खरी नाही. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धांत तेलंगणाच्या नंदिनी आगसराने ५७१२ गुणांनी कांस्यपदक मिळविले आणि स्वप्ना बर्मन ५७०८ गुणांनी चौथी आली. स्पर्धेनंतर उठलेल्या वादावर पुष्कळ शाई खर्च झाली. ते चार गुण म्हणजे काय, ह्यावर फारशी झाली नाही. सहा मीटरांच्या आसपासच्या लांब उडीत चार गुण म्हणजे सुमारे सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वाळूवर एका बोटाच्या रुंदीहूनही कमी. भाल्यात ते सुमारे वीस सेंटिमीटर, गोळ्यात सहा, आणि ८०० मीटरांत पाव सेकंदाहून किंचित अधिक. इतके साधे भाषांतर वृत्तात आले असते, तर दोन भारतीय स्त्रियांमधले ते अंतर वाचकाच्या हातात आले असते.

आता 'अष्टपैलू' ह्या विशेषणाविषयी. हेप्टॅथलॉन जिंकणारीस मराठीत बहुधा हेच विशेषण लावले जाते. सात प्रकारांसाठी आठ पैलू का, असा थट्टेचा प्रश्न सोडून देऊ. 'पैलू' हा फारसी 'पहलू' म्हणजे बाजू, आणि रूपक हिऱ्याचे आहे. परंतु हिऱ्याचे पैलू समान घासलेले असतात, आणि ह्या स्पर्धेत ते कधीच समान नसतात. जॅकी जॉयनर-कर्सीने १९८८ साली सोल येथे ७२९१ गुणांचा जो विश्वविक्रम केला आणि जो तीन दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला, त्यात लांब उडीचे १२६४ गुण आहेत आणि भाल्याचे केवळ ७७६. तिचा भाला ४५.६६ मीटर गेला होता. जकार्त्यात स्वप्नाचा भाला ५०.६३ मीटर गेला, गुण ८७२. दोन्ही भाल्यांची घडण एक नव्हती, स्त्रियांच्या भाल्याचा आराखडा १९९९ मध्ये बदलला, हे लक्षात घेऊनही तुलना बोलकी आहे. स्वप्नाची कामगिरीही अशीच विषम : उंच उडीत १००३, गोळ्यात ७०७. चांगल्या हेप्टॅथलीटचे लेखन करावयाचे ते ह्या विषमतेचे करावयाचे. कोठे ती श्रीमंत आहे, कोठे उधार घेते, आणि उधारी कोणत्या प्रकारात फेडते, हा खरा कथाविषय. 'अष्टपैलू' म्हणून टाकले की तो विषय संपतो.

मराठीने आपल्या धावपटूंचे जे गौरव केले त्यांकडे पाहिले की ही त्रुटी आणखी स्पष्ट होते. त्र्यंबकेश्वरजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत 'सावरपाडा एक्स्प्रेस' झाली, आणि माणदेशातील मोही गावची ललिता बाबर 'माणदेशी एक्स्प्रेस'. दोन्ही नावे 'पय्योली एक्स्प्रेस'च्या वळणावर घडली आहेत आणि दोन्ही सार्थ आहेत : गाव, वेग आणि पल्ला हे तिन्ही एका आगगाडीत मावतात. परंतु ह्या साच्यात हेप्टॅथलॉनपटू बसविता येत नाही. गोळा फेकणारी आगगाडी कोणी पाहिली आहे? उपमान नसले की मराठी गद्य उपमेयाच्या घरी जाते, आणि घरी गेले की दारिद्र्य, आजार, आई-वडील हीच सामग्री हाती लागते. स्वप्नाच्या बाबतीत हेच घडले. जी विजेती परदेशी असते तिच्या घरचा पत्ताही ठाऊक नसतो. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात ३ ते ७ जुलै २०१३ ह्या दिवसांत आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली. हेप्टॅथलॉन महाराष्ट्राच्याच भूमीवर होत होती, आणि ती थायलंडच्या वस्साना विनाथोने जिंकली. अशा विजयाच्या वाट्याला निकालाची एक ओळ येते. चरित्र नसेल तर कथनच नसावे, ही अवस्था कोणत्याही समीक्षकास चिंतेची वाटली पाहिजे.

ह्यात दोष केवळ लेखकांचा नाही. शब्द रुळतो तो वापराने, आणि वापराला जागा लागते. मुंबईच्या उपनगरांपैकी जुहूचे उदाहरण घेतले तरी पुरे. ओहोटीच्या वेळी जुहूच्या किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट असते, आणि पहाटे तेथे धावणाऱ्या स्त्रिया दिसतात. 'धावायला जाणे' हा वाक्प्रचार ह्या उपनगरात घरोघरी आहे. मनात आले तर ह्याच वाळूत लांब उडीही घेता येईल. परंतु भालाफेकीस किमान तीस मीटरांची धावपट्टी आणि तिच्या पुढे साठ-सत्तर मीटर निर्मनुष्य मोकळी जागा लागते, आणि जुहूमध्ये एवढे सलग मोकळे मैदान पाहावयाचे तर ते विमानतळाच्या कुंपणाआड पाहावे लागते. ह्याच परिसरात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे आवार आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या ह्या विद्यापीठाने स्त्रियांचे उच्च शिक्षण मातृभाषेतून व्हावे असा आग्रह धरला. त्या आग्रहाने मराठीत शास्त्रांची परिभाषा आली. पण गोळा आणि भाला ह्यांची परिभाषा वर्गात बसून येत नाही. जी मुलगी भाला हातात न धरता 'भालाफेक' हा शब्द लिहिते तिच्या लेखी तो शब्द परिभाषा आहे, अनुभव नाही. आणि पुढे ती वृत्तपत्रात गेली तर तिच्या वाक्यातही तो तसाच राहील.

तरीही मराठीजवळ ह्या कथनाचे साधन अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. ते क्रीडागद्यात नसून जमाखर्चाच्या वहीत आहे. जमा, बाकी, शिल्लक, उधारी, तूट, भरपाई, मागील पानावरून पुढे, ही पदावली विजातीय व्यवहारांची बेरीज करण्यासाठीच शतकानुशतके घडली आहे. धान्य, कापड आणि मजुरी एकाच स्तंभात मांडण्याचे काम तिने बिनतक्रार केले. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या स्त्रियांस ती विशेष परिचयाची आहे. ह्या पदावलीत जकार्त्याची स्पर्धा सांगून पाहिली तर ती अशी होईल.

पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत १३.९८ सेकंद, जमा ९८१. उंच उडीत १.८२ मीटर, १००३; येथे स्वप्ना सर्वांत पुढे. गोळा १२.६९ मीटर, ७०७. २०० मीटर २६.०८ सेकंदांत, ७९०. वेगाच्या प्रकारात तिची तूट स्पष्ट दिसते, आणि रात्रीच्या मुक्कामास शिल्लक ३४८१. दुसऱ्या दिवशी लांब उडी ६.०५ मीटर, ८६५. मग भाला, ५०.६३ मीटर, ८७२. ह्याही प्रकारात ती पहिली, आणि आदल्या दिवशीच्या धावेतील तूट तिने येथे भरून काढली. मागील पानावरून पुढे ५२१८. चीनची वांग छिंगलिंग त्या वेळी ६४ गुणांनी मागे होती. ८०० मीटरांच्या त्या वेगाला ६४ गुण म्हणजे सुमारे पावणेपाच सेकंद. एवढे अंतर वांगने तोडले नाही तर सुवर्ण स्वप्नाचे. तेव्हा शेवटच्या धावेत तिला कोणाला हरवावयाचे नव्हते. तिला फक्त वांगवर लक्ष ठेवावयाचे होते, आणि दोन फेऱ्यांपुरते पाय उचलत राहावयाचे होते. दोन मिनिटे २१.१३ सेकंद लागले. जमा ८०८, वांगच्या खात्यावर ८००. एकूण ६०२६, वांगचे ५९५४, आणि जपानच्या युकी यामासाकीचे ५८७३. पदकांच्या ह्या हिशेबात सहा बोटांच्या पावलांचा उल्लेख करावयाचा असेल तर त्याची जागा २०० मीटरांच्या ओळीत आणि ८०० मीटरांच्या ओळीत आहे, जेथे ती पावले जमिनीला लागत होती. आणि त्या दोन्ही ओळींचे क्रियापद 'धावली' हेच आहे.